धागा: टेबलावरचा ग्वाल्हेर – गवत, माती, झाडं घरच्या घरी कशी करता?

छोटी_लाइन (शनिवार, रात्री १०:४२)

मंडळी नमस्कार, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दर दिवाळीला अंगणात किल्ला व्हायचा. चिखल, विटा, जुनी पोती, वरून मोहरी पेरायची आणि चार दिवसांनी ती वर आली की डोंगर हिरवा. आता वाडा गेला, फ्लॅट आला, गॅलरीत चिखल केला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. म्हणून गेल्या वर्षी मी आणि लेकीने ठरवलं की एकदाच काय तो कायमचा किल्ला करायचा, टेबलावर. ४ फूट बाय अडीच फुटांचा प्लाय, एका बाजूला किल्ल्याचा कडा, पायथ्याला आपली छोटी लाइन (ग्वाल्हेरची नॅरोगेज रेल्वे), आणि दुसऱ्या टोकाला बीहड, म्हणजे चंबळकडच्या मातीच्या घळी. स्केल १:८७, कारण त्या मापाची माणसं हाताशी होती, दुसरं काही शास्त्र नाही.

डोंगर उभा राहिला. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर कागद आणि फेविकॉल. घोडं अडलंय ते वरच्या कातडीवर. तयार हिरव्या पावडरीची पिशवी ऑनलाइन मागवली तर मूठभर निघाली आणि रंग असा की मंगल कार्यालयाचं लॉन. मग परदेशी व्हिडिओ बघून रोजची उरलेली चहापत्ती वाळवून पसरली. दिसायला झकास, अगदी पालापाचोळा. हे जूनमध्ये. श्रावणात एक दिवस खोली उघडली तर आंबूस वास आणि कड्याच्या पायथ्याशी पांढरी लव आलेली. लेक म्हणाली, बाबा, किल्ल्यावर बर्फ पडला. वर मुंग्यांची रांग, ती पण थेट रुळावरून, घोसीपुरा स्टेशनातून निघाल्यासारखी.

तर मदत करा. गवत कशाचं करता, माती कशी चिकटवता, झाडं कशी, आणि विकत काय घ्यायचं नि काय नाही.

फूटपट्टी (शनिवार, रात्री १०:५१)

फोटोशिवाय धागा फाऊल. बाकी बर्फ आवडला.

मेथीची_पूड (शनिवार, रात्री ११:२०)

अरे छोटी लाइन, त्या व्हिडिओतली माणसं चहा पितात तो कोरा, पिशवी गरम पाण्यात बुडवली की झालं. त्यांची उरलेली पत्ती म्हणजे नुसतं पान. आपली पत्ती दूध, साखर आणि आल्यात उकळ उकळ उकळलेली असते. तू डोंगरावर चहापत्ती नाही पसरलीस बाळा, बासुंदी पसरलीस. मुंग्या येणार नाहीत तर काय.

पत्ती वापरायचीच असेल तर गाळणीत घालून नळाखाली धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग एकदा साध्या पाण्यात उकळ, परत धू, आणि दोन दिवस कडक उन्हात वाळव. एवढा व्याप नको असेल तर डब्यातली कोरी डस्ट घे, दोन चमच्यात अख्खं जंगल होतं. आणि ती लावल्यावर वरून पातळ फेविकॉलचा हात द्यायचाच, उघडी ठेवायची नाही.

मी गौरीपुढची आरास गेली ३० वर्षं करतेय, डोंगर, घाट, विहीर सगळं, आणि माझा एकच हिशोब आहे, जे आपण खातो ते किडा पण खातो. आमची आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची त्यात मेथीची पूड घालायची, म्हणून तर हे नाव घेतलंय इथे. मेथीने लगदा चिकट होतो आणि कडवटपणामुळे कीड लांब राहते. बाइंडिंगवाले मैद्याच्या खळीत मोरचूद टाकतात तेही त्याचसाठी, पण ते विष आहे, घरात लेकरू असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस. खळच नको, सरळ फेविकॉल वापर.

सुमावली_लोकल (रविवार, सकाळी ८:०५)

काकूंचं ते "आपण खातो ते किडा पण खातो" वाक्य मला तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं. मी रुळांखालची खडी म्हणून रवा वापरला होता!! रंगवून, फेविकॉल टाकून, एक नंबर दिसत होती, कण अगदी मापात. भाद्रपदात स्लीपरच्या मधून पोरकिडे चालायला लागले. आमची ही म्हणाली, निदान उपमा तरी झाला असता.

आता रस्त्याकडेला बांधकामाची गिट्टी पडलेली असते ना, तिच्या तळाशी जो चुरा असतो तो आणतो. धुतला, वाळवला, रव्याच्या चाळणीतून खाली पडलं पण मैद्याच्या चाळणीवर अडकलं ते घ्यायचं, तीच खडी. आणि एक महत्त्वाचं, चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, म्हणजे कण झटकता येतात. आमच्या साध्या दिसणाऱ्या मातीतून काळी मिशी निघाली चुंबकाला. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतो तो ओढून घेतो आणि एक दिवस गाडी घरघर करून बसते. माझी बसली.

नवखा_पाहुणा (रविवार, सकाळी ९:३०)

छान माहिती. सगळ्या सामानाची एक लिस्ट मिळेल का पॉइंटवाइज?

फूटपट्टी (रविवार, सकाळी ९:३४)

मिळेल. १. चष्मा. २. वरचे प्रतिसाद. (हलके घ्या.)

आरा_मशीन (रविवार, दुपारी १२:१५)

गवतासाठी भुसा. बाकी सगळे लाड आहेत. माझं फर्निचरचं काम आहे त्यामुळे माल फुकट, पण कुठल्याही आरा मशीनवर पिशवी घेऊन गेलात तर तो माणूस हसून देतो. फक्त साध्या लाकडाचा घ्या, एमडीएफ किंवा प्लायचा नको, त्यात रेझिन असतं, ते छातीत जायला नको, आणि चाळताना नाकाला रुमाल बांधाच कोणताही भुसा असो. रंध्याच्या ढलप्या पण नकोत, त्या कितीही चुरडा, ढलप्याच दिसतात.

आधी चाळा. मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ते गवत, वर राहील ते झुडपाखालचा कचरा, त्याच्याही वर राहील ते परत पिशवीत. एक वाटी बारीक भुशाला दोन चमचे अॅक्रिलिक रंग, तीन-चार चमचे पाण्यात कालवून. आणि आता कणीक मळतो तसं मळायचं नाही, भाजणीला मोहन चोळतो तसं दोन तळव्यांत चोळत राहायचं, हातमोजे घालून, नाहीतर आठवडाभर हिरव्या हाताने ऑफिसला जाल. मूठ आवळली तर भुसा धरून राहिला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये, गळलं तर थोडा कोरडा भुसा अजून. मग पेपरावर पसरून सावलीत वाळवा. मे महिन्यात गच्चीवर ठेवलात तर लू येईल आणि शेजारच्यांच्या पापडांवर कुरण उगवेल, हे अनुभवाने सांगतोय. वाळल्यावर गठुळ्या होतात, त्या चोळून परत चाळायचं. हे परत चाळणंच लोक टाळतात आणि मग म्हणतात की भुसा भुशासारखा दिसतो.

एकच रंग करू नका. तीन-चार वाट्या वेगवेगळ्या करा आणि लावताना चिमटीने मिसळा, जिरं-मोहरी फोडणीत टाकतो तशा हाताने.

छोटी_लाइन (रविवार, दुपारी १:४०)

आरादादा दंडवत. घरात लेकीचे पोस्टर कलर पडलेत डझनभर, ते चालतील का?

आरा_मशीन (रविवार, दुपारी १:५२)

नाही. पोस्टर कलर वाळला तरी पाणी लागलं की सुटतो, आणि तुम्ही वरून फेविकॉलचं पाणी टाकणारच. सगळा हिरवा ओघळ रुळावर येईल. अॅक्रिलिक एकदा वाळला की हलत नाही. घराच्या भिंतीचा उरलेला प्लास्टिक पेंट आणि स्टेनर असेल तर तो पण मस्त, स्वस्तात काम होतं.

सुमावली_लोकल (रविवार, दुपारी २:१०)

फेविकॉलच्या पाण्याचं पण सांगून टाकतो, कारण माझी पहिली खडी त्यातच वाहून गेली. एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. हे दोन थेंब विसरलात तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा, ड्रॉपरमधून सोडलेला थेंब कोरड्या मातीवर शिरतच नाही, पाऱ्यासारखा गोल होतो, अंगावर धूळ ओढून घेतो आणि तसाच घरंगळत जाऊन रुळाला चिकटतो. साबण असला की टेकला रे टेकला की आत. त्याआधी स्प्रे बाटलीने साबणाच्याच पाण्याचं धुकं सोडायचं, लांबून, वरच्या वर. पूर्ण वाळेपर्यंत २४ तास बोट लावायचं नाही. ओलं असताना दुधासारखं पांढरं दिसतं, घाबरू नका, वाळल्यावर पारदर्शक होतं.

फूटपट्टी (रविवार, दुपारी ४:००)

थोडं मापाचं बोलू का. किल्ल्याची टेकडी साधारण शंभर मीटर उंच आणि अडीच-पावणेतीन किलोमीटर लांब. १:८७ ने उंची होते सव्वा मीटरच्या आतबाहेर आणि लांबी तीस मीटर. म्हणजे टेबल जिन्यातून खाली जाऊन चौकापर्यंत. तेव्हा उंची एक तृतीयांश करा, लांबी विसरा, आणि बघणाऱ्याने ओळखावं एवढाच तुकडा घ्या, मानमंदिर महालाच्या बुरुजांखालचा कडा पुरे.

रूळ: छोटी लाइन २ फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर. भागिले ८७, बरोबर ७. सात मिलिमीटरचा तयार रूळ सहज मिळत नाही, ९ चा मिळतो. दोन मिलिमीटरसाठी कोणी रडू नये. मी रडतो, पण मी तसाच आहे.

निळी_बदकं (रविवार, रात्री ९:१८)

सगळं वाचलं. भुसा, चहा, रंग, साबण सगळं बरोबर. पण मला एक सांगा, हिरवं का करताय?

मी किला गेटजवळ वाढलो. वर्षातले दोन-अडीच महिने ती टेकडी हिरवी असते, सावन-भादोंत. दिवाळी येईपर्यंत गवत पिवळं, संक्रांतीला करडं, आणि होळीनंतर बघाल तर नुसता दगड आणि धूळ. बीहडात तर हिरवा रंग औषधाला, मधेमधे विलायती बाभळीचे गोळे, बस. त्या व्हिडिओतले लोक त्यांच्या पावसाळी देशाची गवतं करतात आणि आपण बसतो हिरव्याच्या चार छटा कालवत. ग्वाल्हेर करायचं तर मुख्य सामान धूळ आहे, गवत नाही.

रंग पंसाऱ्याकडे मिळतात. पिवडी (इथे रामरज म्हणून मागा) आणि गेरू. किल्ल्याचा दगड पिवळट बदामी आहे, त्याला चार भाग पिवडी, एक भाग पांढरा, गेरू नखभर, फेविकॉलच्या पाण्यात कालवलेला. वाळल्यावर काळा रंग अगदी पातळ करून भेगांत सोडायचा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका बदामी नुसता कडांवरून ओढायचा.

आता दगडाचा आकार. सगळीकडे शिकवतात की अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून त्यात पीओपी ओता, झाला खडक. होतो, पण तो आपला खडक होत नाही. आपला वाळूचा दगड आहे, थरांचा, आडव्या रेषांचा, वह्यांचा गठ्ठा जरा सरकवून ठेवावा तसा. त्यासाठी जाड पुठ्ठा किंवा थर्माकोलचे पातळ तुकडे घ्या, कापू नका, *तोडा*, आणि तुटलेली कड बाहेर ठेवून एकावर एक चिकटवा. एखादा थर आत ढकला, एखादा बाहेर लोंबता ठेवा. खाली पडलेले मोठे चौकोनी धोंडे ठेवायला विसरू नका, कडा तुटतो तो चौकटीतच तुटतो. स्प्रे पेंट थर्माकोलवर थेट मारू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतो, माझ्या पहिल्या कड्याचं दहा सेकंदात साबुदाण्याचं थालीपीठ झालं होतं. आधी फेविकॉल आणि मातीचा पूर्ण लेप, एक छिद्र न ठेवता.

बीहड सगळ्यात मजेचा. लोक खड्डे खणतात तसा करतात, ते चूक. वरून बघा, बीहड म्हणजे झाडाच्या फांद्या. शेताच्या बांधाशी बोटभर घळ सुरू होते, ती पुढच्या घळीला मिळते, ती त्याच्या पुढच्या, आणि नदीकडे जाता जाता खोल होत जाते. वर सपाट जमीन अगदी कडेपर्यंत, तिथेच माणूस नांगरतो, आणि कडेवरून एकदम खाली भिंत. प्लायवर पेन्सिलने आधी ती फांदी काढा, मग थर्माकोल हॅकसॉच्या पात्याने उभा कापा.

लेप: चाळलेली माती, फेविकॉल, मूठभर पीओपी, इडलीच्या पिठाएवढं सरबरीत. ब्रशने भिंतीला लावताना हात फक्त वरून खाली, कधीच आडवा नाही, कारण पाणी पण तसंच उतरलेलं असतं. अर्धवट ओलं असताना जुन्या टूथब्रशने वरून खाली एकदा खरवडा. बारीक उभ्या पन्हळी उठतात. आणि मग खरी गंमत, कोरडी बारीक माती चहाच्या गाळणीत घ्या आणि टेबलाच्या वर हातभर उंचीवरून गाळणीला टिचक्या मारा. धूळ सरळ खाली पडते, उभ्या भिंतीवर थांबत नाही, सपाटीवर आणि घळीच्या तळाशी साठते. म्हणजे वरचा भाग फिका, भिंत गडद, तळ परत फिका, आणि हे तुम्ही रंगवलेलं नाही, धुळीनेच केलंय. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा उठून बायकोला बोलावून आणलं, ती म्हणाली, घरात धूळ झाली आहे एवढंच मला दिसतंय.

माती मुरैनाकडून येताना रस्त्याकडेची आणा, पण लोखंडी तव्यावर भाजून घ्या, बिया आणि जीवजंतू मरतात. आणि चुंबक, वर सांगितलाय तसा.

मेथीची_पूड (रविवार, रात्री ९:४५)

बदकं, किती सुरेख लिहिलंस. बांधापर्यंत शेत दाखवणार असशील तर जानेवारीची सरसों दाखव ना रे, मुरैनाकडे पिवळी जर्द असते. फक्त पिवळ्यासाठी हळद नको हं. मी एका वर्षी आरासीत वापरली, खिडकीतल्या उन्हाने सगळी उडाली, अॅक्रिलिकच बरा.

छोटी_लाइन (रविवार, रात्री ११:०२)

बदकंभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून टेबलासमोर जाऊन बसलो होतो तासभर. खरं आहे. मी रोज गाडीवरून किल्ल्याखालून जातो, रोज बघतो, आणि तरी डोळे मिटले की किल्ला हिरवा दिसतो. मग लक्षात आलं, तो हिरवा मोहरीचा आहे. अंगणातल्या किल्ल्याचा.

मेथीची_पूड (रविवार, रात्री ११:१०)

अरे तो अंगणातला किल्ला आपल्या ग्वाल्हेरचा कधी होता? आपण सगळे रायगड नि प्रतापगडच करायचो. सह्याद्रीत जन्मात पाऊल न ठेवलेली पोरं, समोर एवढा मोठा किल्ला उभा, आणि त्याच्याकडे पाठ करून मोहरी पेरत बसायचो. आमचे अण्णा म्हणायचे, कड्याला झाडी लाव, मावळे लपणार कुठे.

फूटपट्टी (रविवार, रात्री ११:१२)

काकू, यावर वेगळा धागा काढा. मम (माझंही तेच).

सुमावली_लोकल (सोमवार, सकाळी ७:५०)

झाडांचं कोणी बोललंच नाही. मी तुळशीची वाळलेली काडी वापरतो. मंजिऱ्या झडून गेल्या की जी फांदी राहते ना तिच्याइतका झाडाचा सांगाडा बाजारात मिळणार नाही, दोन बाजूंना समोरासमोर फुटलेली, शेंड्याला बारीक. करधईचं उन्हाळ्यातलं निष्पर्ण झाड म्हणून तशीच उभी करा, राखाडी रंगाचा एक हात, बस. पानं हवी असतील तर सोफ्यातला जुना फोम.

मेथीची_पूड (सोमवार, सकाळी ८:१५)

तुळस???

सुमावली_लोकल (सोमवार, सकाळी ८:२०)

काकू, आपोआप वाळलेली. आईला विचारून घेतली. तिने हात जोडून मगच दिली.

मेथीची_पूड (सोमवार, सकाळी ८:३१)

मग ठीक. पण मी नाही वापरणार. दूर्वांची मुळं घ्या त्यापेक्षा, माती धुऊन वाळवली की छान काटेरी झुडपं होतात. आणि घोसाळं वेलावर वाळू द्या, आतली जाळी निघते ती ओढून पिंजली की वाळका वेल, छपरावर टाकायला. नारळाची शेंडी उंच गवताला. सगळी वाळलेली, सगळी फेविकॉलच्या पाण्यात बुचकळून काढलेली, परत सांगते.

वायरमन (सोमवार, रात्री १०:०५)

बाभळीला तुळशीचा आकार जमत नाही, बाभूळ छत्रीसारखी पसरते. तांब्याची वायर वापरा. कबाडीकडून जुनी मल्टिस्ट्रँड केबल, वरचं प्लास्टिक सोलून आतल्या तीसेक तारा. बुंध्याला सगळ्या एकत्र पिळायच्या, मग दोन भाग, त्यांचे दोन, असं शेवटी एक-एक तार उरेपर्यंत. वर फेविकॉल आणि बारीक भुशाचा लेप दोनदा, म्हणजे पीळ दिसत नाही. पानांना फोम: कात्रीने तुकडे, मग मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून फिरवा, कोरडा फिरवलात तर तो पात्याला गुंडाळतो आणि मोटर तापते. पिळून, रंगात कालवून, वाळवून. मिक्सरचं भांडं यासाठी वेगळंच ठेवा. ज्यांचं लग्न टिकवायचंय त्यांच्यासाठी सांगतोय.

उभं गवत हवं असेल तर डास मारायची रॅकेट. जाळीकडे जाणाऱ्या दोन तारा लांब करायच्या, एक धातूच्या चहाच्या गाळणीला, दुसरी खिळ्याला. खिळा ओल्या फेविकॉलमध्ये टोचायचा, गाळणीत नायलॉनचे तंतू घालून बटण दाबून वरून हलवायचं. तंतू चार्ज होऊन खाली उभे घुसतात. २ मिलिमीटरचे छान उभे राहतात, ४-६ चे आळशीपणा करतात कारण रॅकेटचा जोर तेवढा नाही. सुतळीचे तुकडे करून बघितले, नीट उभे राहत नाहीत, नायलॉनच हवं. आणि लक्षात ठेवा, बटण सोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने गाळणी आणि खिळा एकमेकांना टेकवून मगच हात लावायचा. लेकीच्या हातात देऊ नका. मला बसलाय तो झटका, कोपरापर्यंत मुंग्या. छोटी लाइनवाल्या मुंग्या नाहीत, दुसऱ्या.

नवखा_पाहुणा (सोमवार, रात्री १०:४०)

अवांतर: ग्वाल्हेरात मिनिएचर ट्रेन म्हटलं की जयविलास पॅलेसमधली चांदीची गाडी आठवते, जेवणाच्या टेबलावर रूळ आणि डब्यांतून ब्रँडी नि सिगार फिरवणारी.

फूटपट्टी (सोमवार, रात्री १०:४४)

हो, आणि पाहुण्याने बाटली उचलली की गाडी थांबायची असं सांगतात. तिला खडी, गवत, धूळ काही लागत नव्हती, म्हणून या धाग्यात बाद.

निळी_बदकं (सोमवार, रात्री ११:३०)

फूटपट्टी, 😀

छोटी लाइन, मानमंदिराच्या निळ्या टाइल्स करणार असाल तर सांगा. त्यातली बदकांची पट्टी १:८७ ला वीतभर दोरा ठेवावा एवढीच दिसेल, ब्रशने जमत नाही. मी कागदावर निळा रंग देऊन, वर चकचकीत पारदर्शक नेलपॉलिश मारून, मग ब्लेडने पट्ट्या कापून चिकटवल्या. सगळा किल्ला मॅट असल्यामुळे तेवढीच रेघ उन्हात चमकते, प्रत्यक्षात पण तसंच होतं.

छोटी_लाइन (तीन महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:२०)

धागा वर काढतोय. फोटो टाकलेत खाली, फूटपट्टींनी मोजून घ्यावेत.

जुनं सगळं खरवडून काढलं. कडा पुठ्ठ्याचा केला, जवळजवळ सत्तर थर, लेकीने तोडले, तिला तोडायचं काम दिलं की ती शांत असते. पिवडी-गेरूचं प्रमाण बदकंभाऊंनी दिलेलं तसंच ठेवलं, फक्त गेरू नखभरच्या जागी चिमूट पडला, त्यामुळे एक कोपरा जरा लालसर झालाय, तिथे आम्ही संध्याकाळ आहे असं म्हणतो. बीहड गाळणीने केला. टिचक्या मारताना खरंच तसंच झालं, धूळ आपली आपण बसली. आईला दाखवायला बोलावलं, तिने बघितलं आणि म्हणाली, हे जौऱ्याच्या अलीकडचं आहे. ती लहानपणी सबलगढला मामाकडे छोट्या लाइनने जायची, मग अर्धा तास खिडकीतून काय काय दिसायचं आणि डब्याच्या टपावर माणसं कशी बसायची तेच. २०२० मध्ये गाडी बंद झाली ती परत सुरू झालीच नाही, तिची जागा आता ब्रॉडगेज घेतेय, तेव्हा ती धावणारी आता एवढीच.

हिरवं जवळजवळ नाहीच. विलायती बाभळीची अकरा झाडं वायरमन पद्धतीची (मिक्सरचं भांडं वेगळं घेतलं, हो), आणि बांधावर अडीच बोटं सरसों, काकूंसाठी. भुसा केला होता चार वाट्या, साडेतीन उरल्यात, आरादादा ओरडू नका.

एक अडचण राहिलीय. पावसाळा सुरू झाला आणि बीहडाच्या एका भिंतीला बारीक तडे गेलेत, उभे, वरून खाली. लेप जाड झाला असावा किंवा पीओपी जास्त. बुजवू का?

निळी_बदकं (रविवार, संध्याकाळी ६:४१)

वेडे आहात का, हात लावू नका. बीहड असाच तर वाढतो.

वायरमन (रविवार, संध्याकाळी ६:५५)

तडा थर्माकोलपर्यंत गेला असेल तर मात्र मागून पातळ फेविकॉल सोडा, पुढून नको. आणि टपावर माणसं बसवली का?

छोटी_लाइन (रविवार, संध्याकाळी ७:०३)

बसवली. सतरा. अठरावा रुळावर पडलाय, शोधतोय.